सव्वाआठ ते पाऊण

माझ्या मामाला ओळखीचे सगळे कंसमामा म्हणतात. तो कुठल्या भाच्याच्या जिवावर उठल्याचं ऐकिवात नाही. उलट झुरळ दिसलं की तोच मला हाक मारतो. नाव पडलं ते त्याच्या कामामुळे. मामा दुकानांची, दवाखान्यांची, शिवणक्लासांची संकेतस्थळं करून देतो, आणि तो सगळा कंसांचा कारभार असतो: प्रत्येक गोष्ट टोकदार कंस टाकून उघडायची आणि टोकदार कंस टाकूनच मिटवायची. नाव मीच ठेवलं, आठवीत असताना, आणि त्याचा मला अजून पश्चात्ताप झालेला नाही.

त्याआधी मामा एका छापखान्यात मुद्रितशोधक होता. बावीस वर्षं त्याने दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि त्या बावीस वर्षांत स्वतःच्या चुकांची धास्ती घेतली. छापखान्याला टाळं लागलं तेव्हा तो चाळिशी ओलांडलेला एकटा माणूस होता. एका जुन्या संगणकावर तो हे कंस शिकला. त्याच्या मते कामात फारसा फरक नव्हता. आधीही खुणा करायच्या, आताही खुणाच.

मामा घाबरट आहे. मी हे प्रेमाने म्हणते, पण म्हणतेच. बाहेर पडताना तो कुलूप तीनदा ओढून बघतो आणि कोपऱ्यावरून परत येऊन चौथ्यांदा. पत्र टपालपेटीत टाकलं की आत बोटं घालून ते खाली पडलं ना ते चाचपतो. शाळेतल्या नोकरीसाठी मी त्याच्याकडे राहायला आले त्याला तीन वर्षं झाली. त्या तीन वर्षांत मी किती वेळा चिडले असेन याची गणती नाही. मला घाई असते आणि मामाला शंका असते. एका घरात हे दोन जीव नांदतात हेच खूप झालं.

त्याच्या कामातला एक बारकावा सांगायला हवा, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दुकानाच्या पानावर 'सकाळी दहा ते दुपारी दीड' असं लिहिलं की माणसाला कळतं. यंत्राला दीड म्हणजे काय ते कळत नाही. म्हणून त्याच वाक्याच्या पोटात, कुणाला दिसणार नाही अशी, यंत्रासाठी वेगळी ओळ लिहावी लागते. तिथे वारांची नावं इंग्रजी दोन अक्षरांत आणि वेळ चोवीस तासांच्या घड्याळाची. यंत्रं येतात, ती ओळ वाचतात, तिची नक्कल घेऊन जातात. मग कुणी फोनला विचारलं की आत्ता कुठलं दुकान उघडं आहे, तर फोन त्या नकलेवरून उत्तर देतो. मूळ पान कुणी उघडतसुद्धा नाही.

मंगळवार आणि गुरुवार ही इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होणारी जोडी मामाच्या विशेष भीतीची. वेळांसाठी तर त्याने स्वतःच्या हाताने एक तक्ता लिहून टेबलासमोर चिकटवला होता. पाऊण म्हणजे ००:४५, सव्वा म्हणजे ०१:१५, दीड म्हणजे ०१:३०, अडीच म्हणजे ०२:३०. खाली लाल शाईत सूचना होती: दुपार किंवा संध्याकाळ असल्यास बारा मिळवा. अक्षर असं वळणदार की चुकीलाच लाज वाटावी.

मागच्या उन्हाळ्यात त्याने डोळ्यांच्या एका दवाखान्याचं पान केलं. डॉक्टरीणबाई सत्तरीच्या, फक्त सकाळचेच पेशंट बघणाऱ्या. वेळ विचारायला मामाने फोन केला तो दवाखान्यातल्या मदतनीस बाईंनी उचलला. फोनचा स्पीकर चालू होता आणि मी शेजारीच भाजी निवडत होते, म्हणून ते बोलणं मला नीट आठवतं.

"सव्वाआठ ते पावणेएक," बाई म्हणाल्या.

"पावणेएक असं काही नसतं हो," मामा म्हणाला. एरवी तो दूधवाल्यालाही दुरुस्त करत नाही, पण शब्द आला की त्याच्यातला मुद्रितशोधक जागा होतो. "पावणेदोन असतं, पावणेतीन असतं. एकाच्या आधी येतं ते पाऊण."

"बरं, पाऊण. पाटीवर डॉक्टरबाईंनीही तेच लिहिलंय. सकाळी सव्वाआठ ते पाऊण."

"हां. मग पाटीबरहुकूम घेतो."

फोन ठेवल्यावर मामा खुशीत होता. पावणेएक लिहिणाऱ्या पिढीचं काही खरं नाही, असं तो मलाच ऐकवत होता. मी म्हटलं, लोकांना वेळेवर उघडं मिळालं म्हणजे झालं, पाऊण म्हण नाहीतर पाव म्हण. त्याने पान पूर्ण केलं आणि चुका तपासणाऱ्या यंत्रातून काढलं. यंत्राने एकही चूक नसल्याचा निर्वाळा दिला.

एक्केचाळीस दिवसांनी संध्याकाळी सातच्या सुमारास माझ्या चष्म्याची दांडी तुटली. चष्मा बदलायचाच होता, म्हणून जवळ डोळ्यांचे डॉक्टर कोण आहेत ते मी फोनवर बघितलं. सगळ्यात वर त्या डॉक्टरीणबाई. त्यांच्या नावापुढे हिरव्या अक्षरांत लिहिलं होतं, 'आत्ता उघडं आहे'. त्याखाली बंद होण्याची वेळ: मध्यरात्रीनंतर पाऊण.

"मामा," मी हसत म्हटलं, "तुझ्या डॉक्टरीणबाई म्हातारपणी रात्रपाळी करायला लागल्या वाटतं."

मामा संगणकासमोर होता. त्याने मान वळवून माझ्या फोनकडे बघितलं, मग भिंतीवरच्या तक्त्याकडे. मी त्याला घाबरलेलं हजारदा बघितलंय. पण त्या घाबरण्यात धांदल असते, हात इकडेतिकडे जातात. या वेळी तो हललाच नाही. त्याचे ओठ पांढरे पडले. मला पहिल्यांदा त्याच्या भीतीची भीती वाटली.

झालं होतं ते असं. पाटीवर 'सकाळी' हा शब्द होता, 'दुपारी' हा नव्हता. तक्त्यात पाऊण म्हणजे ००:४५. दुपार लिहिलेली नाही म्हणून बारा मिळवलेले नाहीत. पावणेएक लिहून घेतलं असतं तर डोळ्यांसमोर एक आला असता, आणि एकावरून तेरा आणि तेरातून पाव वजा, हे मामाने झोपेतही बरोबर केलं असतं. यंत्राने बिचाऱ्याने सरळ अर्थ लावला: सव्वाआठला उघडतात आणि मध्यरात्र उलटून पाऊण वाजता मिटतात. तपासणाऱ्या यंत्रालाही त्यात वावगं काही दिसलं नाही. पुष्कळ दुकानं मध्यरात्रीनंतर बंद होतात.

मामाने ती ओळ दुरुस्त केली. त्याला अर्धं मिनिटही लागलं नसेल.

"झालं ना मग?" मी म्हटलं.

"नकला गेल्यात," तो म्हणाला. "त्या परत बोलावता येत नाहीत. ती यंत्रं पुन्हा कधी येतील ते त्यांच्या मर्जीवर. कोण उद्या येईल, कोण महिन्याने." मग म्हणाला, "चिमणे, संध्याकाळी डोळ्यांच्या डॉक्टरकडे कोण धावतं?"

मला उत्तर माहीत होतं आणि त्यालाही. संध्याकाळी चष्म्याचा नंबर काढायला कुणी धावत नाही. धावतो तो डोळ्यात काहीतरी गेलेला माणूस.

सकाळी आठला आम्ही दवाखान्यात होतो. रस्त्याच्या वळणावर तळमजल्यावरच्या दोन खोल्या, पुढे लोखंडी शटर, आत भिंतीवर लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. मामाने डॉक्टरीणबाईंना उभ्या उभ्या सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बाहेर पाटी आहे. पाटी वाचावी लोकांनी. मला ते फोनचं काही सांगू नका." त्या आत गेल्या. मदतनीस बाई मात्र हातातला बोळा तसाच धरून उभ्या राहिल्या.

"एक सांगू का," त्या म्हणाल्या. "महिना झाला असेल. सकाळी आले तर शटरवर पांढरे हात उमटलेले. चुन्याचे. इथे, इतक्या उंचीवर. मला वाटलं पोरांचा चाळा. मी ओल्या फडक्याने पुसून काढले."

मामाने शटरच्या त्या जागेकडे बघितलं. तिथे आता काही नव्हतं. त्याने हात वर करून उंची मोजली. पोराची नव्हती, मोठ्या माणसाच्या खांद्याची होती.

त्या दिवसापासून मामा रोज दुपारी चारला घडीचं स्टूल घेऊन त्या बंद शटरसमोर जाऊन बसायला लागला. पहिल्या दिवशी त्याने मोठ्या अक्षरांत कागद चिकटवला. दुसऱ्या दिवशी म्हणाला, कागद वाचायला डोळे लागतात, आणि इथे येणारा डोळ्यांनीच अडलेला असणार. म्हणून स्वतः बसायचं. खिशात कागदावर पत्ता लिहिलेला असायचा: नदीपलीकडचं मोठं रुग्णालय, डोळ्यांचा विभाग, दिवसरात्र उघडा. कोपऱ्यावरच्या रिक्षावाल्याला त्याने आधीच सांगून ठेवलं होतं. रात्री नऊला तो घरी यायचा, दोन घास खायचा, आणि माझा फोन, शेजाऱ्यांचा फोन, किराणावाल्याचा फोन असे मागून मागून बघायचा. तिसऱ्या दिवशी माझ्या फोनवर 'बंद' दिसायला लागलं. किराणावाल्याच्या फोनवर अजून हिरवंच.

माझी चिडचिड झाली. "मामा, जगात माणसं चुकतात. डॉक्टरसुद्धा चुकतात. तू काय जन्मभर तिथे बसणार आहेस का?"

"छापखान्यात चूक राहिली तर पुस्तक घेणारा शिव्या घालायचा," मामा म्हणाला. "कुणाचं डोकं दुखायचं, बस. हे हात कुणाचे होते ते सांग मला. मग नाही बसणार."

चौथ्या दिवसापासून शाळा सुटली की मीही तिकडेच जायला लागले. त्याला जेवणाचा डबा द्यायला, असं मी स्वतःला सांगत होते. खरं म्हणजे तो तिथे एकटा असताना कुणी आलं तर काय, या विचाराने माझं वर्गात लक्ष लागत नव्हतं.

येणारे येत होते. एक आजोबा, डोळे आलेली एक कॉलेजची मुलगी, कॉन्टॅक्ट लेन्स डोळ्यातच अडकलेला एक तरुण. कुणी वळणावरून घाईने येताना दिसलं की मामा स्टुलावरून उठायचा. तो प्रत्येकाला विचारायचा, "फोनवर उघडं दिसलं का?" आणि हो म्हटलं की मान खाली घालून खिशातला कागद काढायचा. त्या तरुणाला तर तो स्वतः रिक्षात बसवून घेऊन गेला. मी ती संध्याकाळ शटरसमोर एकटी बसले आणि रस्त्यावरच्या प्रत्येक पावलाला दचकले. तेव्हा मला कळलं की मामा रोज काय गिळत होता.

नवव्या दिवशी साडेसात वाजता एक बाई आल्या. घाईत नव्हत्या. पस्तिशीच्या असतील, लॉन्ड्रीचा निळा कोट घातलेल्या, बोटं पाण्यात राहून सुरकुतलेली. त्या आमच्याकडे न बघता शटरसमोर उभ्या राहिल्या, मग हातातल्या फोनकडे बघितलं, मग पुन्हा शटरकडे. असं दोनतीनदा झालं.

मामा उठला. "बंद आहे हो. डोळ्याचं काही असेल तर..."

"मला नाही काही झालेलं," त्या म्हणाल्या. "तुम्ही जरा एवढं वाचून दाखवता का? माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला."

मामाने फोन हातात घेतला. मला खांद्यावरून दिसत होतं. हिरवी अक्षरं.

"काय लिहिलंय?" बाईंनी विचारलं.

"आत्ता उघडं आहे," मामा म्हणाला. त्याला ते दोनदा म्हणावं लागलं.

बाईंनी श्वास सोडला. "असंच ना? मलाही असंच दिसतंय. मागच्या वेळीही असंच दिसलं होतं. माझे मिस्टर घरांना रंग देतात. डब्यात चुना भिजवताना उसळला आणि दोन्ही डोळ्यांत गेला. मी पाण्याने धुतलं, फोनवर बघितलं, उघडं म्हणून इथे आणलं. त्यांना दिसत नव्हतं. शटर लागलेलं, पाटीकडे बघायचं सुचलंच नाही. ते हातांनी बडवत बसले, आत कुणी असेल म्हणून. मीही वेड्यासारखी थांबले, फोन सांगतोय उघडं आहे तर कुणी येईलच म्हणून. अर्धा पाऊण तास गेला. मग नदीपलीकडे नेलं."

"आता कसं आहे?" हे मी विचारलं. मामाच्याने विचारवत नव्हतं.

"उजवा वाचला. डावा गेला. तिथले डॉक्टर म्हणाले, लवकर आणलं असतं तर सांगता येत नाही, कदाचित." त्यांनी फोन परत घेतला. "घरी सगळे म्हणतात मी नीट वाचलं नाही. सासूबाई म्हणतात, दिराची बायको म्हणते. मिस्टर तोंडाने म्हणत नाहीत. पण त्या दिवसापासून माझ्याशी बोलताना भिंतीकडे बघून बोलतात. घाबरले होते मी त्या वेळी. तेव्हा मलाही वाटायला लागलं, खरंच बंद लिहिलेलं असेल आणि मी उघडं वाचलं असेल. म्हणून म्हटलं, त्याच वेळेला येऊन एकदा बघावं."

मी मामाची बाही धरली. आतापर्यंत मला लोकांसाठी भीती वाटत होती, आता ती मामासाठी वाटायला लागली. कुणाला काही कळणार नव्हतं. बाईंना उत्तर मिळालं होतं, की फोनच चुकीचा होता. तेवढ्यावर त्या परत गेल्या असत्या आणि आपण घरी गेलो असतो. मी बाही ओढली, जोरात ओढली. मला कबूल करायला हवं की मी ती ओढली.

"तुम्ही बरोबर वाचलंत," मामा म्हणाला. "ते मी चुकीचं लिहिलं होतं. या दवाखान्याची वेळ मी लिहिली. दुपारी बंद होतो, मी मध्यरात्रीनंतर लिहिलं. माझी चूक आहे."

मी वाट बघत होते की त्या ओरडतील, किंवा कॉलर धरतील, किंवा पोलिसांचं नाव काढतील. मामाही त्याचीच वाट बघत होता; त्याने चष्मा काढून हातात घेतला होता.

"घरी येऊन सांगाल?" त्या म्हणाल्या.

ज्या माणसाला वरच्या मजल्यावर जाऊन पंख्याचा आवाज होतोय एवढं सांगायचं धाडस तीन वर्षांत झालं नव्हतं, तो म्हणाला, "चला."

घर दहा मिनिटांवर होतं. जिना चढताना मामाला कठडा धरावा लागला, आणि मी त्याच्या मागे होते ती त्याला सावरायला की माझे पाय मागे मागे राहत होते म्हणून, ते मला सांगता येणार नाही.

पहिल्या खोलीत चारपाच माणसं होती. सासूबाई कपड्यांच्या घड्या घालत होत्या. दीर आणि त्याची बायको दाराशी. खाटेवर तो रंगारी बसला होता, रुंद खांद्यांचा माणूस, डाव्या डोळ्यावर कापसाची पट्टी. बाई त्याच्या डाव्या हाताला जाऊन भिंतीशी उभ्या राहिल्या. मामाने खोलीच्या मधोमध उभं राहून सगळं सांगितलं. पाटी, पाऊण, बारा न मिळवणं. कुणाला काही कळेना. दीर म्हणाला, "काय पाऊण पाऊण लावलंय? सरळ सांगा."

मामाने बाईंकडे हात केला. तो म्हणाला, "यांनी जे वाचलं ते तिथे लिहिलेलं होतं. यांनी बरोबर वाचलं. खोटं मी लिहिलं होतं."

सासूबाईंचे हात घडीवर थांबले. दीर पुढे आला, पण रंगाऱ्याने नुसता हात वर केला आणि दीर थांबला.

"उघडं लिहिलं होतं?" रंगाऱ्याने विचारलं.

"उघडं लिहिलं होतं," मामा म्हणाला.

"हिनं वाचलं तसंच?"

"अक्षर न् अक्षर."

बायको रंगाऱ्याच्या न दिसणाऱ्या बाजूला उभी होती, त्यामुळे तिच्याकडे बघायला त्याला खाटेवर अर्धं वळावं लागलं, एक हात टेकून, सगळी मान फिरवून. तो तसा वळला आणि बघत राहिला.